परवाना मिळेपर्यंत: घराचा वरचा मजला पाहुण्यांना देताना

आई गेल्यानंतर आमच्या घराचा वरचा मजला दोन वर्षे रिकामाच होता. तेथे कायमचा भाडेकरू ठेवणे शक्य नव्हते, कारण भावाचे कुटुंब वर्षातून दोनदा मुक्कामाला येते आणि तेव्हा तो मजला आम्हालाच लागतो. उरलेल्या दिवसांत तो काही रात्रींपुरता प्रवाशांना द्यावा, असे मी ठरवले. छायाचित्रे काढून एखाद्या संकेतस्थळावर टाकली की काम झाले, असा माझा समज होता. प्रत्यक्षात पहिला पाहुणा दारात येईपर्यंत पाच महिने लागले.

नगरपालिकेच्या कार्यालयात मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: “पाहुणे असतील तेव्हा तुम्ही स्वतः त्या घरात राहणार आहात का?” घर किती मोठे आहे किंवा उत्पन्न किती मिळेल, याआधी हे का विचारावे, ते मला तेव्हा उमगले नाही. नंतर इतर शहरांचे नियम वाचले, तेव्हा ध्यानात आले की बहुतेक ठिकाणी सगळा वाद याच मुद्द्याभोवती फिरतो. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून अंमलात आलेल्या नोंदणीच्या नियमांनुसार ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाने त्याच घरात राहणे बंधनकारक आहे आणि एका वेळी दोनच पाहुणे ठेवता येतात. लंडनमध्ये वेगळी परवानगी न घेता संपूर्ण घर वर्षाला ९० रात्रीच देता येते, तर ॲमस्टरडॅममध्ये ही मर्यादा जास्तीत जास्त ३० रात्रींची आहे. बार्सिलोनाच्या महापौरांनी तर जून २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातील दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू ठेवले जाणार नाहीत. आकडे निरनिराळे असले तरी त्यांमागची चिंता एकच आहे: जे घर वर्षभर पाहुण्यांसाठीच राखले जाते, ते त्या वस्तीत राहू पाहणाऱ्या एका कुटुंबाला मिळत नाही.

कागदपत्रांचा टप्पा कंटाळवाणा होता, पण त्यातील दोन गोष्टी मला आधी कुणी सांगितल्या असत्या तर सहा आठवडे वाचले असते. घरावर कर्ज असल्यामुळे बँकेची लेखी संमती लागली, ही पहिली. दुसरी विम्याची: पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्याकडून झालेले नुकसान किंवा त्याला झालेली इजा आमच्या साध्या गृहविम्यात बसत नव्हती, आणि हे मला अटींची सर्व पाने वाचल्यावरच कळले. त्यासाठी वेगळे संरक्षण घेतल्यानंतरच मी अर्ज दाखल केला.

तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने झोपण्याच्या दोन्ही खोल्यांत आणि जिन्याच्या तोंडाशी धूर ओळखणारी यंत्रे बसवायला सांगितली, अग्निशामक नळकांड्याची मुदत पाहिली आणि बाहेर पडण्याच्या मार्गाचा नकाशा दाराच्या आतल्या बाजूला लावायला लावला. त्या घरात मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे अंधारातही जिना उतरू शकते. रात्री उशिरा प्रथमच आलेल्या माणसाला मात्र दिव्याचे बटण कोठे आहे हेसुद्धा ठाऊक नसते. ती तपासणी मला अत्यंत योग्य वाटली.

खरी कसोटी पुढे होती. अर्जाची सूचना फाटकावर लागली आणि आठवड्याच्या आत शेजारच्या काकूंनी लेखी हरकत घेतली. तीस वर्षांचा घरोबा असल्यामुळे मला ते फार लागले. मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “तुझ्याविषयी तक्रार नाही गं. पण कोपऱ्यावरच्या त्या दोन घरांत आता वर्षभर ओळखीचे कुणीच नसते. मध्यरात्री बॅगांची चाके खडखडत जातात, आमच्या फाटकासमोर गाड्या लागतात, आणि बोलायला जावे तर मालक दुसऱ्या शहरात.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या दोन घरांत पूर्वी जी कुटुंबे राहत होती, त्यांच्याकडे आम्ही प्रवासाला निघताना किल्ल्या ठेवून जात असू.

सुनावणीपूर्वी मी अर्ज बदलला. आधी १८० रात्री मागितल्या होत्या, त्या ९० केल्या. पाहुण्यांची संख्या चारवर आणली, रात्री दहानंतर घरात प्रवेश देणार नाही असे लिहून दिले आणि गाडी आमच्याच आवारात लावण्याची अट स्वतःहून घातली. अंगणातील आवाजासाठी डेसिबल मोजणारे साधे यंत्र लावले, जे बोलणे ध्वनिमुद्रित करत नाही. ते तेथे आहे, हे पाहुण्यांना आरक्षणापूर्वीच कळवले जाते. कॅमेरा लावण्याचा सल्ला काहींनी दिला होता, पण पाहुण्याच्या खासगीपणाचा भंग करून शेजाऱ्याला स्वस्थता देणे मला मान्य नव्हते. सुनावणीत काकूंनी हरकत मागे घेतली नाही, मात्र या अटी परवान्यातच नमूद कराव्यात, अशी मागणी केली. मी तिला पाठिंबा दिला आणि त्या अटींसह परवाना मंजूर झाला.

नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत मी जाहिरात दिली नाही. “आधी सुरू करा, क्रमांक नंतर टाका,” असे सांगणारे पुष्कळ भेटले. पण ज्या घराला क्रमांक नाही, त्याच्या रात्री कुणी मोजत नाही, आणि मोजल्या न जाणाऱ्या रात्रींचा त्रास काकूंसारख्यांनाच सोसावा लागतो.

पहिल्या वर्षी ७१ रात्री पाहुणे होते. काकूंचा फोन दोनदा आला: एकदा अंगणात उशिरापर्यंत गप्पा चालल्या होत्या म्हणून, आणि एकदा कुणीतरी त्यांच्या फाटकासमोर गाडी लावली म्हणून. दोन्ही वेळा मी खालीच असल्यामुळे काही मिनिटांत प्रश्न सुटला. परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जात तक्रारींचा एक रकाना असतो. त्यात मी या दोन्ही तारखा आणि त्या वेळी काय केले ते लिहिले, आणि अर्ज देण्यापूर्वी तो काकूंना वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्या तारखेतील चूक दुरुस्त करून दिली.