घरच्या पिकअपची तयारी: वजनकाट्यावरून परतल्यानंतरची नोंद

आमची डबल केबिन पिकअप ही घरातील एकमेव गाडी आहे. आठवड्याचे पाच दिवस ती शाळा, नोकरी आणि किराणा यांसाठीच धावते, त्यामुळे दूरच्या कच्च्या वाटांसाठी तिची तयारी करताना दोन अटी आम्ही आधीच घालून घेतल्या होत्या. मागची आसने, त्यांचे पट्टे आणि मुलांच्या आसनांचे आधारबिंदू यांना हात लावायचा नाही, ही पहिली अट. हौद्यातील सर्व सामान दोन माणसांना अर्ध्या तासात उतरवता आले पाहिजे, ही दुसरी. पहिली अट निमूटपणे पाळली गेली; दुसरीने मात्र माझे अनेक आवडते बेत मोडीत काढले.

सर्वांत मोठा फेरबदल कागदावरच झाला. टाकी पूर्ण भरून, कॅनपीसह (हौद्यावरचे बंद छत) पण रिकामा हौदा घेऊन गाडी वजनकाट्यावर नेली, तेव्हा आकडा २१८० किलो आला. गाडीच्या पट्टीवर कमाल एकूण वजन २९५० किलो लिहिलेले आहे, म्हणजे हाती ७७० किलो उरले. त्यातून आम्हा चौघांचे २५० किलो वजा केले की सामानासाठी ५२० किलो राहतात. हा आकडा ऐकायला ऐसपैस वाटतो, परंतु माझ्या मूळ यादीची बेरीज ५५८ किलो भरली. पोलादी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) मिळून ११०, छतावरचा तंबू व त्याचा सांगाडा १००, अठरा मिलिमीटर प्लायवूडचे दुहेरी खण ८० आणि दुसरी स्टेपनी ३०, एवढ्या चारच गोष्टींनी निम्म्याहून अधिक वाटा खाल्ला होता. पिण्याचे पाणी अजून यादीच्या तळाशीच होते, हे आता लिहितानाही जरा ओशाळल्यासारखे होते.

विंच, बंपर आणि दुसरी स्टेपनी रद्द झाली. छतावरच्या तंबूच्या जागी जमिनीवर लावायचा बारा किलोचा तंबू आला. खणांऐवजी बारा मिलिमीटर प्लायवूडची एकच फळी टाकून तिच्याखाली झाकणाच्या पेट्या सरकवल्या, त्यात ३५ किलो वाचले. यादी २९५ किलोवर आली. खर्चही त्याच प्रमाणात खाली आला, त्यामुळे काटकसर वेगळी अशी करावीच लागली नाही. सर्व काही भरून, चौघे बसून पुन्हा काट्यावर गेलो तेव्हा २७४० किलो भरले. हिशेबापेक्षा पंधरा किलो जास्त. ते कोणाच्या पिशवीतले, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.

एकूण वजनाइतकेच ते कुठे ठेवले आहे यालाही महत्त्व असते. आमच्या गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर सुमारे तीन मीटर आहे. पाण्याची टाकी आणि फ्रिज मिळून १०० किलो सामान मी आधी फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या झडपेजवळ), मागच्या आसाच्या एक मीटर मागे ठेवले होते. तरफेच्या नियमाने त्याचा मागच्या आसावरील भार १३३ किलो होतो आणि पुढच्या आसावरून ३३ किलो उचलले जातात. परिणामी स्टिअरिंग हलके लागते आणि दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. तेच सामान केबिनच्या भिंतीला टेकवून, आसाच्या अर्धा मीटर पुढे आणल्यावर मागच्या आसावर ८३ किलोच येतात. एकही वस्तू न काढता पन्नास किलोंचा फरक पडला आणि लीफ स्प्रिंगमध्ये जादा पाटा घालण्याचा विचार तूर्त मागे पडला. तसा पाटा घातला असता तर रिकाम्या गाडीने रोजच्या फेऱ्यांत सर्वांची हाडे खिळखिळी केली असती.

टायरबाबत फार लिहिण्यासारखे नाही. २४५/७० आर १६ ऐवजी २६५/७० आर १६ घेतले असते तर व्यास ७४९ वरून ७७७ मिलिमीटर झाला असता, जमिनीपासूनची उंची मात्र त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे १४ मिलिमीटरने वाढली असती आणि स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवला असता. म्हणून मूळ मापाचेच, पण ऑल-टेरेन (पक्क्या-कच्च्या दोन्ही वाटांसाठीच्या) नक्षीचे टायर घेतले आणि उरलेल्या पैशांत टायरमध्ये हवा भरायचा चांगला कॉम्प्रेसर व दाबमापक आणला. मऊ वाळूत हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि चाक कमी रुतते. पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरली नाही तर टायर तापतो.

माझा खरा वेळ गेला तो विजेच्या कामात. फ्रिज रात्री मध्येच बंद पडत होता आणि दोष मी बॅटरीला देत होतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट होते, फ्रिजच्या प्लगपाशी मात्र ११.६. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत, जाऊन-येऊन आठ मीटर लांबीवर, पाच अँपिअरला सुमारे ०.२८ व्होल्टचीच घट होते. उरलेली घट सिगारेट-लायटरच्या धर्तीच्या सॉकेटमध्ये आणि गंज चढलेल्या अर्थिंगच्या बोल्टवर होत होती. आता सहा चौरस मिलिमीटरची तार, फिरवून घट्ट बसणारा प्लग आणि थेट बॅटरीपर्यंत नेलेली ऋण तार अशी जोडणी केली असून, फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच बसवला आहे, कारण तो दूर असला तर अलीकडच्या तारेला संरक्षण मिळत नाही. फरक ०.२ व्होल्टच्या आत आला.

दुसरी बॅटरी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची घेतली. कॉम्प्रेसर दिवसातील आठ तास चालतो असे धरले तर फ्रिजला ४० आणि दिवे-फोन यांना १० अँपिअर-तास लागतात. गाडी चालू असताना दुसरी बॅटरी भरणाऱ्या वीस अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने ही तूट अडीच तासांच्या प्रवासात भरून निघते. शून्य अंशाखाली या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात, म्हणून तिच्यात तसे संरक्षण आहे याची खात्री करूनच ती घेतली.

सध्या धुळीशी झुंज चालू आहे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. फटींना रबरी पट्टी लावून काल रात्री हौद्यात दिवा ठेवला, सर्व बंद केले आणि अंधारात बाहेरून गाडीभोवती फिरून पाहिले. वरची कड पूर्ण काळी होती. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून मात्र बोटभर उजेड अजून बाहेर पडत होता.