आमची वाटचाल: गळ्यात पडलेले बोर्ड

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर २००४ साली आम्ही सुरू केलं ते कॉम्प्युटरचं रिपेअरिंग. विक्री नाही. तेव्हा मदरबोर्डवरचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डवरचे, कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) सर्रास फुगायचे. डोकं वर आलेलं, त्यातून तपकिरी चिकटा सुटलेला, आणि मशीन चालू केलं की दोन मिनिटांत बंद. डीलर म्हणायचे, बोर्ड बदला. आम्ही सोल्डरिंग आयर्न, डीसोल्डर पंप आणि मल्टिमीटर घेऊन तोच बोर्ड उभा करायचो. माझा भागीदार टाका असा मारायचा की तो कंपनीतला आहे की आमच्या टेबलावरचा, हे ओळखू येऊ नये. पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं, बोर्डचा बिघाड दोन आकडी कोडमध्ये दाखवणारं पोस्ट कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे. हल्लीच्या बोर्डांना तो स्लॉटच नसतो, पण कार्ड टाकून देववत नाही. प्रोसेसरला वीज कुठून आणि कशी पोचते हे आम्ही त्या टेबलावर शिकलो.

पुढे गेमिंग मशीन बांधायला लागलो, भागीदार मुलाकडे परदेशी गेला, धंदा चालत राहिला.

मग समोर दुकान झालं. काचेची कॅबिनेट, आत सात रंगांचे दिवे, आणि भाव आमच्यापेक्षा पाच-सहा हजारांनी कमी. आमचं कोटेशन घेऊन गिऱ्हाईक रस्ता ओलांडायचं. समोरच्या कागदावर प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, आणि मदरबोर्डच्या रकान्यात नुसतं 'गेमिंग मदरबोर्ड'. ना मॉडेल, ना नंबर. तिथेच तर ते पाच-सहा हजार वाचलेले असायचे! वर आम्हालाच नाव, की हे जुन्या वळणाचे, उगाच महाग लावतात.

कोथरूडचा एक मुलगा तिकडून घेतलेलं मशीन आमच्याकडे घेऊन आला. प्रोसेसर एएमडीचा रायझन ९ ३९००एक्स, बारा कोअर. गेम आणि स्ट्रीमिंग एकत्र लावलं की दहा मिनिटांत सगळं अडखळायचं. ह्या प्रोसेसरवर १०५ वॉट लिहिलेलं असलं तरी तो सॉकेटमधून, म्हणजे बोर्डवर तो बसतो त्या जागेतून, १४२ वॉटपर्यंत ओढतो, आणि बोर्ड होता चार फेजचा, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) उष्णता शोषणाऱ्या हीटसिंकचा पत्तासुद्धा नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर व्हीआरएमच्या मॉस्फेटजवळ शंभरी पार. (कपाळाला लावायची ती करोनातली बंदूक इथे चालत नाही, तिचा आकडा चाळिशीच्या थोडा पुढे संपतो.) बोर्ड स्वतःचा जीव वाचवायला प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे वेग, खाली पाडत होता. मुलाचे वडील म्हणाले, कंपनीचा फॉल्ट असेल. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं आजही वाटतं.

खरा फटका बसला तो लॉकडाउननंतर. २०२० च्या सप्टेंबरात आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड आलं आणि मिळेनासं झालं. इथेरियम ह्या आभासी चलनाच्या मायनिंगवाल्यांनी कार्डं उचलली, समोरच्यानेही त्यांना पेट्याच्या पेट्या दिल्या असं बाजारात बोललं जायचं. आमच्या डिस्ट्रिब्युटरने अट घातली: एक कार्ड हवं तर सोबत इंटेलच्या दहाव्या पिढीचे दोन झेड४९० बोर्ड घ्या. नाही म्हटलं तर कार्ड नाही, कार्ड नाही तर गिऱ्हाईक नाही. घेतले. कार्डं त्याच दिवशी जायची, बोर्ड रॅकवर चढायचे. इंटेलच्या प्रोसेसरची अकरावी पिढी आली ती ह्याच सॉकेटवर, पण तिच्या आय९ला कोअर दहावरून आठवर आले, त्यामुळे कोणी हात लावेना. आणि नोव्हेंबर २०२१ ला बाराव्या पिढीबरोबर एलजीए१७०० हे नवं सॉकेट आलं, आमच्या बोर्डांत ते प्रोसेसर बसेनात. आमचा रॅक एका दिवसात जुना झाला. भाडं थकलं, दुकानातली दोन्ही पोरं दुसरीकडे गेली. बायकोने विचारलं, मोबाइल ॲक्सेसरीज का नाही ठेवत?

जळगावचे एक डॉक्टर आमच्याकडे पहिल्यापासून येतात. गेमचं वेड त्यांना, मुलाला नाही. मे महिन्यात तिथे पारा ४४-४५ ला जातो, त्यामुळे बोर्ड दाखवला की ते आधी हीटसिंकचे स्क्रू बघतात. हीटसिंक खरोखर स्क्रूने बसवलाय की प्लॅस्टिकच्या पिनांनी, हे बघणारं दुसरं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. त्यांनी रॅक पाहिला आणि स्वतःच्या आणि मित्रांच्या दवाखान्यांसाठी जवळजवळ सगळे बोर्ड उचलले. केसपेपर छापणाऱ्या आय३खाली झेड४९०, हसू येईल असा प्रकार. मी खरेदीभावात दिले. त्यांचं स्वतःचं मशीन मात्र २०१९ सालच्या, एएमडीच्या बी४५० बोर्डवर होतं. २०२२ मध्ये बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यातच ५८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच.

म्हणून कोणी विचारो न विचारो, आम्ही आधी सॉकेटचं आयुष्य सांगतो, म्हणजे त्यात पुढचे प्रोसेसर किती वर्षं बसतील ते. एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवणार असं एएमडीने जाहीर केलंय. ९८००एक्स३डी प्रोसेसर घेणार असाल तर चांगला बी६५० किंवा बी८५० बोर्ड पुरतो. पन्नास हजारांचा बोर्ड घेऊन गेममध्ये फ्रेम वाढत नाहीत, तो पैसा ग्राफिक्स कार्डात घाला. रॅमच्या दोनच कांड्या लावा, चार लावल्या की डीडीआर५ चा वेग बराच खाली येतो. मागे बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न बसवता बायोस अपडेट करायचं) बटण आहे का बघा. दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी घातल्यावर एखादा साटा पोर्ट (डिस्कची केबल जोडायची जागा) बंद होतो का ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते दुकानदाराकडून वाचून घ्या. सॉकेटवरचं प्लॅस्टिक झाकण जपून ठेवा, वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही.

आणि बिलावर बोर्डचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर मागा. आम्ही न मागता लिहितो. समोरचं दुकान आता दोन गाळ्यांचं झालंय, तिथेही एकदा मागून बघा.