ते औषध पुढे जातं कुठे?

हाडांच्या स्कॅनसाठी इंजेक्शन दिलं की मी प्रत्येकाला सांगते: दोन-तीन तास थांबा, भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरू नका. नागपुरातल्या आमच्या विभागात काटोलकडच्या एका आजींनी त्यावर विचारलं, "पोरी, अंगातून निंगून जाते म्हणतेस, मंग जाते कुठी?" नातेवाईक, शेजारीही हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

हे औषध म्हणजे टेक्निशियम-९९एम, टेक्निशियम या मूलद्रव्याचं किरण देणारं एक रूप. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिये या शास्त्रज्ञांनी सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात हे मूलद्रव्य शोधलं. आम्हाला ते रोज सकाळी जनरेटरमधून मिळतं. हा विजेचा जनरेटर नव्हे: शिशाच्या जाड भांड्यात अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची) भुकटी भरलेली नळी, तिला मॉलिब्डेनम-९९ धरून बसलेलं. दर ६६ तासांनी ते निम्मं होतं आणि त्यातून टेक्निशियम तयार होत राहतं. सलाईन सोडलं की मॉलिब्डेनम जागेवर राहतं, टेक्निशियम पाण्याबरोबर खाली येतं. या कामाला धार काढणंच म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी खरंच पुन्हा पान्हा फुटलेला असतो.

खाली येतं ते पर्टेक्नेटेट, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेलं टेक्निशियम. पाण्यात सहज विरघळणारं, कुठे न थांबणारं. हाडापर्यंत न्यायचं तर त्याला बांधावं लागतं. म्हणून ते ज्यात मिसळतो त्या तयार किटच्या बाटलीत कथिलाचा क्षार असतो. कथिल त्याला इलेक्ट्रॉन देतं, मग ते हाडाकडे जाणाऱ्या रेणूला धरतं. बाटलीत हवा मात्र शिरू द्यायची नाही. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एकदा शिरली. पडद्यावर हाडं फिकट, आणि थायरॉइड व पोट लख्ख. कथिलाला ऑक्सिजनने आधीच गाठलं होतं. त्या रुग्णाला गोंदियाहून पुन्हा यावं लागलं. ते मला अजून लागून आहे.

तर, जातं कुठे? दर सहा तासांनी ते निम्मं होतं, म्हणजे त्यातल्या निम्म्याचं टेक्निशियम-९९ होतं. या टेक्निशियम-९९ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे २ लाख ११ हजार वर्षं. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण आयुष्य जितकं लांब तितका किरण देण्याचा वेग मंद, इथे सुमारे ३० कोटी पट मंद. शिवाय एका इंजेक्शनमधलं टेक्निशियम नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं. गटारात गेलेल्या तेवढ्याची मला काळजी वाटत नाही.

काळजी अणुइंधनाच्या कचऱ्याची आहे. तिथे ते किलोंनी साठतं. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या सेलाफिल्ड या अणुइंधनाच्या कारखान्याहून समुद्रात सोडलेलं टेक्निशियम आयरिश समुद्रातल्या लॉब्स्टरमध्ये आणि शेवाळात सापडलं. तेही पर्टेक्नेटेटच, पाण्याबरोबर धावणारं. त्याला जमिनीत अडवायचं कसं यावर संशोधक झटताहेत, आणि युक्ती आमच्या बाटलीतलीच आहे. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात लोह त्याला इलेक्ट्रॉन देतं, काही जिवाणूही देतात, आणि ते गाळाला चिकटून बसतं. पुन्हा हवा लागली तर सुटूही शकतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो गोंदियाचा स्कॅनच आठवला.

आजींना एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "आजी, उद्या या वेळेला रुपयातला एक आणा उरेल. लघवीतून जातं ते वेगळंच."

"म्हंजे पंधरा आणे गेले," त्या म्हणाल्या आणि पाण्याची बाटली पुन्हा तोंडाला लावली.