बडोदा: आधी आई शोधा, मग कॅमेरा काढा

बडोद्याला जाते म्हटलं की लोक लक्ष्मी विलास पॅलेसचं विचारतात. मी जूनच्या तोंडावर गेले ती मगरीची पिल्लं बघायला. राजवाडा राहिला, संग्रहालय राहिलं, खंडेराव मार्केट रिक्षातून जाता जाता पाहिलं, आणि त्याची मला अजिबात हळहळ नाही.

मुक्काम दांडिया बाजारात, मामांकडे. त्या घरात मराठी बोलता बोलता मध्येच गुजराती येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मी पहाटे निघणार म्हणून मामी आदल्या रात्रीच थेपले आणि छुंदा बांधून ठेवायच्या. कॅमेरा टेकवायला काही मऊ हवं म्हटल्यावर त्यांनी जुन्या उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून तोंड शिवून दिलं. ट्रायपॉडसाठी मी कधीकाळी बरेच पैसे मोजले होते, पण पुलाच्या कठड्यावर या अभ्र्याइतका पक्का आधार दुसरा मिळाला नसता.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि बडोद्याच्या ऐन वस्तीतून जाते. तिच्यात शेकडो मगरी आहेत. काळा घोड्याच्या पुलावर वरून बस जाते आणि खाली मगर जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली असते; ऑफिसला निघालेला माणूस क्षणभर बघतो आणि पुढे जातो. मला हे शहर त्यासाठीच आवडतं. मात्र त्याच पुलावरून निर्माल्याच्या पिशव्या खाली पडतात, आणि मगर हलावी म्हणून दगड मारणारेही भेटतात. त्यांच्याशी मी भांडले, पुढेही भांडेन.

पिल्लांचे फोटो काढणं मोठ्या मगरीपेक्षा कितीतरी अवघड. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठाच्या मातीत खड्डा करून 25-30 अंडी घालते. दोनेक महिन्यांनी पिल्लं अंड्यातूनच ओरडू लागतात, तो आवाज ऐकून ती घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. पिल्लू 25 ते 30 सेंटीमीटरचं, म्हणजे वितीहून थोडं मोठं. फिकट पिवळसर अंगावर काळे पट्टे. चिखल, वाळकी पानं आणि जलपर्णीची सडलेली मुळं यांत ते डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

त्यात उजेड. नदीचं पात्र रस्त्याच्या बरंच खाली, काठ उभे कापलेले, वर वेड्या बाभळीचं रान. ऊन खाली पोचेपर्यंत सकाळ बरीच वर आलेली असते, आणि पोचलं की पाणी असं चमकतं की कॅमेरा चमकेच्या मागे लागतो आणि पिल्लू नुसतं काळं उरतं. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवावं लागतं. उलट सावलीत सगळी चौकटच काळी. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजळ करायला जातो आणि पिल्लाच्या पाठीवरचे पट्टे धुऊन निघतात. तिथे कमी करायचं. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावला तर चमक जाते, पण त्याच्याबरोबर उजेडही जातो, आणि पहाटे तो आधीच मोजका असतो. मी पोलरायझर काढून ठेवला, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 3200 वर नेला आणि दाणेदार फोटो स्वीकारला. पिल्लं तासन्‌तास दगडासारखी पडून राहतात, त्यामुळे शटर सेकंदाच्या 1/60 पर्यंत उतरवता येतं. फक्त बस गेली की पूल थरथरतो. ती थरथर पूर्ण थांबेपर्यंत बोट उचलून धरायचं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा फोटो त्यांच्या डोळ्याच्या पातळीवरून काढा, असं सगळे शिकवतात. फोटो सुंदर येतो हे खरंच. पण मगरीच्या पिल्लाच्या डोळ्याची पातळी म्हणजे पाण्याचा काठ, आणि पाण्याच्या काठावरच मगर झेप घेते. हा सल्ला देणाऱ्यांनी पुढचं वाक्यही सांगायला हवं. मी उंचावरूनच, पण लांबून काढत होते: अंतर वाढलं की कोन आपोआप सपाट होतो. पिल्लू चौकटीत लहान येतं, येऊ दे.

माझ्याबरोबर प्राणी सोडवण्याचं काम करणारा एक मुलगा होता, मामांच्या ओळखीचा. पावसाळ्यात लोकांच्या अंगणात, गटारात शिरलेल्या मगरी पकडायला हे लोक वनखात्याबरोबर रात्री-अपरात्री धावतात. पहिल्याच सकाळी मी बॅगेची चेन उघडली तसा तो म्हणाला, "ताई, आधी आई कुठे आहे ते दाखवा, मग कॅमेरा काढा."

मला पिल्लं सापडली होती, आई सापडत नव्हती. त्याने घाई केली नाही. जलपर्णीच्या कडेला दोन गाठी दिसत होत्या, त्यांच्यापुढे हातभर अंतरावर तिसरी. डोळे आणि नाकपुड्या. बाकी सगळी पाण्याखाली. ती पिल्लांकडे तोंड करून होती.

त्याच दिवशी संध्याकाळी नाल्याच्या बाजूने काही तरुण काठाला उतरले. हातात मोबाइल, टॉर्च लावलेला. एकाने पिल्लांच्या दिशेने फ्लॅश मारला. मगरीच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे अशा फोटोत पिल्लाच्या जागी नुसते लालसर ठिपके येतात. म्हणजे फोटो म्हणूनही त्याला अर्थ नाही. पिल्लं ओरडायला लागली. बारीक, तुटक, एकामागून एक. हा आवाज ती आईला बोलवायला काढतात.

मी गाठी शोधल्या. नव्हत्या.

डोकं दिसत होतं तोवर ती कुठे आहे हे निदान आम्हाला कळत होतं. आता पाणी सपाट होतं आणि ती त्याखाली कुठेही असू शकत होती. मुलगा कठड्यावरून जीव तोडून ओरडला, "पाछा आवो! पाछा आवो!" ते हसले, एकाने वर हात केला. मग त्याच्या आवाजात काय ऐकलं कोण जाणे, पण वळले आणि नाल्याने वर चढू लागले. ते अर्ध्यात असतील तेव्हा ती पिल्लांशेजारी चिखलात वर आली. अख्खी. जिथे फ्लॅशवाला उभा होता, तिथून चार पावलांवर.

माझे हात कापत होते आणि मला प्रचंड राग आला होता. माणूस वाचला, पण काही बरंवाईट झालं असतं तर दुसऱ्या दिवशी मागणी झाली असती ती मगर हलवायची. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे. पिल्लू हातात घेणं, हुसकावणं हा गुन्हा आहे. हे पुलापुलावर गुजरातीत, हिंदीत, मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून लावायला हवं.

त्यानंतर मी फोटो काढले. उजेड जवळपास संपला होता. आई चिखलाच्या रंगाची, एक पिल्लू तिच्या गालाशी, दुसरं पाठीवर चढू पाहणारं. फोटो काळपट आहे, दाणा भरपूर आहे. मामांना तो भिंतीवर हवा होता म्हणून रावपुऱ्यात छापायला टाकला. दुकानदार म्हणाला, "बेन, थोडा उजळ करून देऊ?" मी नको म्हटलं, तेव्हा तेवढाच उजेड होता.

जागा कुठली, हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही. विचारलंत तरी सांगणार नाही.