बियाण्याची भेंडी: ऑक्टोबरअखेरची नोंद

वाण परभणी क्रांती, जागा पुण्याजवळची परसबाग. यंदा तुलनेसाठी मुद्दाम दोन पेरण्या केल्या, एक जूनच्या मध्याला आणि दुसरी जुलैअखेर.

भाजीसाठी जूनची पेरणी उत्तमच. बियाण्याचं गणित मात्र उलटं, वाळवणीकडून मागे मोजायचं. पेरणीनंतर साधारण 40-45 दिवसांत फूल येतं आणि फूल उमलल्यापासून शेंग वाळायला आणखी 30-35 दिवस लागतात. म्हणजे जूनच्या झाडांच्या पहिल्या शेंगा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तयार, ऐन पावसात. वाळत आलेली शेंग शिरांवर उकलते, पाणी आत जातं. आमच्याकडे तेच झालं: काळी बुरशी, काळवंडलेलं बी, काही शेंगांत तर बियांना आतच मोड. जुलैअखेरच्या झाडांच्या शेंगा ऑक्टोबरच्या उन्हात वाळताहेत. बी टपोरं, हिरवट करडं, हातात घेतलं की खणखणीत. उशिराच्या पेरणीला पांढरी माशी आणि तिच्यामुळे येणाऱ्या केवड्याची (पानांच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) भीती असते. म्हणूनच केवड्याला दाद न देणारा हा वाण निवडला होता. तरी पिवळ्या शिरांचं एखादं झाड दिसलं की लगेच उपटलं.

लागवडीच्या अंतराचा निकाल इतका सरळ नाही. जुलैच्या अर्ध्या वाफ्यात 45 × 15 सेंमी (दोन ओळींत × दोन झाडांत), अर्ध्यात 60 × 30. पहिल्यात चौरस मीटरला सुमारे 15 झाडं बसतात, दुसऱ्यात पाच-सहा. दाट झाडं एकसोट वाढली, फांद्या जवळपास नाहीतच, पण शेंगा एकदमच पिकल्या आणि तोडणी सोपी झाली. विरळ झाडांना बुडापासून फांद्या फुटल्या, दर झाडामागे शेंगा कितीतरी जास्त. मात्र त्या टप्प्याटप्प्याने वाळतात, आणि फांद्यांच्या टोकाकडच्या शेंगांतलं बी हलकं निघतंय. ते मी बियाण्यात घेणार नाही, खोडावरच्या मधल्या शेंगाच ठेवणार.

किलोवर बी हवं असेल तर दाट लागवड चालेल. आपल्यासारख्या वाण जपणाऱ्यांनी मात्र 60 × 30 च धरावं असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक झाड सुटं दिसतं, वेगळ्या पानाचं किंवा वेगळ्या शेंगेचं झाड फुलण्याआधी नाही तरी निदान पहिल्या शेंगेला ओळखून काढून टाकता येतं. पण जागा वाचवायला तीन-चार झाडांवर भागवू नका, वाणातली विविधता आकसत जाते.

आणि शेजारी दुसरी भेंडी असेल तर सावध. भेंडीत स्वपरागीभवन होतं, तरी मधमाश्या बऱ्यापैकी संकर करतात. प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर अंतर ठेवतात. परसबागेत ते जमत नाही, म्हणून निवडलेल्या कळ्यांवर आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी चढवतो. फूल सकाळी उमलून त्याच दिवशी मिटतं, पिशवी दुसऱ्या दिवशी काढली तरी चालते. त्या शेंगांना लाल दोरा बांधला आहे.

पुढचं काम: दोन्ही अंतरांच्या शंभर-शंभर बियांचं वजन, आणि ओल्या फडक्यात उगवण चाचणी. प्रमाणित भेंडी बियाण्याला किमान 65 टक्के उगवण लागते. जूनचं बीही त्याच फडक्यात शेजारी ठेवणार आहे.