अलार्म आत्ता वाजला, पण बिघाड कधी झाला?

कंट्रोल चार्टवर, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेली मापं मांडून प्रोसेस बिघडली का ते दाखवणाऱ्या आलेखावर, पॉइंट लिमिटच्या बाहेर गेला की सगळे त्याच तासाचं लॉगबुक उघडतात, मशीनवर कोण होतं, कुठला लॉट लावला होता, हीच विचारपूस सुरू होते, आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं कारण बिघाड बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो आणि बोलणी भलत्याच शिफ्टला बसतात.

संख्याशास्त्रज्ञ शूहार्टने १९२४ मध्ये मांडलेला हा चार्ट उत्तमच आहे. सरासरीपासून दोन्ही बाजूंना ३ सिग्माच्या (सिग्मा म्हणजे मापांचा नेहमीचा चढउतार किती ते सांगणारा आकडा, प्रमाण विचलन) लिमिट लावल्या की प्रोसेस ठीक असताना साधारण ३७० पॉइंटमागे एखादाच खोटा अलार्म येतो. पण याची किंमत उशिरात मोजावी लागते. सरासरी एक सिग्माने सरकली आणि तुम्ही ४ पीसचा सॅम्पल घेत असाल तर ते कळायला सरासरी ६ सॅम्पल जातात, आणि एकेकच पीस मोजत असाल तर तब्बल ४४!

मग मागे जाऊन शोधायचं कसं? संख्याशास्त्रज्ञ पेजने १९५४ मध्ये दिलेला क्युसम, म्हणजे टार्गेटपासूनच्या फरकांची चालू बेरीज ठेवणारा आणि ती शून्याखाली गेली की पुन्हा शून्यापासून मोजणारा चार्ट, वापरत असाल तर सोपं आहे, बेरीज शेवटची शून्यावर कधी होती ते बघा, बदल तिथून पुढचा. साधा चार्ट असेल तर अलार्मपासून मागे मोजत जायचं, शेवटच्या इतक्या सॅम्पलची सरासरी टार्गेटपासून किती लांब आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करून सॅम्पलच्या संख्येने गुणायचं, आणि जिथे आकडा सगळ्यात मोठा येईल तिथे बदल धरायचा. समजा ३० व्या सॅम्पलला अलार्म आला. शेवटच्या ३ ची सरासरी २.२ ने लांब, म्हणजे १४.५२. शेवटच्या ६ ची १.८ ने, म्हणजे १९.४४. शेवटच्या १० ची १.२ ने, म्हणजे १४.४. मधले आकडेही असेच काढायचे, पण या तिघांत ६ जिंकतो, म्हणजे २४ व्या सॅम्पलनंतर काहीतरी घडलं. एक्सेलमध्ये दोन कॉलमचं काम आहे हो, तरी कुणी करत नाही.

हे सगळं सरासरी एकदम उडी मारून सरकली असेल तर. टूल हळूहळू झिजत असेल तर हाच फॉर्म्युला बदल खऱ्यापेक्षा उशिरा झाला असं सांगतो, तेव्हा अजून मागे बघा. आणि उडी असली तरी हा अंदाजच आहे, दोन-तीन सॅम्पल इकडेतिकडे होणारच, म्हणून लॉगबुकमधली २२ ते २७ पर्यंतची पानं वाचा, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलला का, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) दिला का, नवीन लॉट लावला का, आणि २५ पासूनचा माल आधी बाजूला काढा.