पावसाळी कार्ड: बंकर सुटला, 7 नंबर अडला

मंडळी, गोल्फचे पावसाळी नियम थोडक्यात लिहिलेल्या आमच्या खिशातल्या कार्डाबद्दल. आधी चांगली बातमी. पाण्याने भरलेल्या बंकरची (वाळूच्या खड्ड्याची) ओळ शेवटी जमली. मागच्या आवृत्तीतली ओळ कॅडी मंडळी (खेळाडूंची बॅग वाहणारी) वाचायची आणि मान हलवून कार्ड खिशात घालायची. आताचा मजकूर असा (ड्रॉप म्हणजे बॉल उचलून दुसरीकडे सोडणं, पेनल्टी म्हणजे एक जादा फटका): 'बंकरात पाणी? बंकरातच फुकट ड्रॉप, होलच्या जवळ न जाता. पूर्ण कोरडी जागा नसेल तर जिथे पाण्याचा त्रास सगळ्यात कमी, तिथे. बाहेर यायचं तर एक पेनल्टी, होल आणि बॉलच्या रेषेत मागे.' परवा आमच्या सगळ्यात जुन्या कॅडीकाकांनी मुंबईच्या एका पाहुण्यांना हे कार्ड न काढता ऐकवलं. पाहुणे बॉल उचलून कडेच्या गवतात ठेवायच्या बेतात होते. ती राउंड मी कशीही खेळलो असतो तरी चाललं असतं.

आता 7 नंबर, म्हणजे सातवं होल. डावीकडचा तो खोलगट पट्टा तुम्हाला माहीतच आहे. काळी माती, निचऱ्याच्या नावाने शंख. रात्रभर पाऊस पडला की सकाळी वरून नुसतं हिरवंगार गवत, पाण्याचा थेंब दिसत नाही. बॉलपाशी उभं राहिलं की बुटाभोवती पाणी वर येतं. शनिवारी आमचा फोरबॉल (दोन-दोनच्या जोड्यांचा सामना) तिथेच रुतला. कार्डावर लिहिलंय 'पाणी दिसलं तर रिलीफ' (पेनल्टीशिवाय बॉल हलवायची मुभा), आणि दोन्ही बाजूंनी ती ओळ आपापल्या सोयीने वाचली. मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा.

नियमात भानगड अशी आहे: स्टान्स (फटक्यासाठी पाय ठेवून उभं राहणं) घेण्याआधी किंवा घेतल्यावर पाणी साचलेलं दिसलं पाहिजे, आणि तेही पाय मुद्दाम न दाबता. जमीन नुसती ओली, मऊ किंवा चिखलाची असून भागत नाही. पाऊल टाकताना क्षणभर पाणी चमकलं आणि जिरलं, तरी नाही. ते टिकायला हवं. किती वेळ? सेकंद कुठेही दिलेले नाहीत. काळ्या मातीत तर पाणी वर येतं, थोडं रेंगाळतं, मग हळूच खाली जातं. एका गड्याचं म्हणणं, रेंगाळलं म्हणजे साचलं. दुसऱ्याचं म्हणणं, तू पाय रोवून हलतोयस म्हणून आलं.

त्यात वजनाची गंमत. आमच्यातल्या 95 किलोवाल्याच्या बुटाभोवती तळं होतं, बारक्या गड्याच्या पायाखाली काहीच नाही. स्टान्स ज्याचा त्याचा, त्यामुळे एकाच जागेवर एकाला रिलीफ आणि दुसऱ्याला नाही, हे नियमाला धरूनच आहे. बारक्याला ते अजून पटलेलं नाही.

मी घातलेली रीत अशी: नेहमीचा स्टान्स घ्या, पाय रोवू नका, स्थिर उभे राहा, आणि पाणी आहे की नाही ते जोडीदाराने सांगायचं. निम्मे वाद मिटले. उरलेले रिलीफ मिळाल्यावर सुरू होतात, कारण नियम 16.1 मध्ये सगळ्यात जवळची पूर्ण सुटकेची जागा धरायची असते, सगळ्यात सोयीची नव्हे. 7 नंबरवर ती बहुतेक वेळा रफमध्ये (वाढलेल्या गवतात), झाडामागे निघते. मग 'राहू दे, ओल्यातच मारतो' म्हणणारेही तेच.

प्रिफर्ड लाइजने (बॉल उचलून जवळच चांगल्या जागी ठेवायची मुभा) हे सुटेल असं वाटत असेल तर तसं नाही. ई-3 हा त्याचा स्थानिक नियम लावला तरी तो फेअरवेच्या (मधल्या बारीक कापलेल्या पट्ट्याच्या) उंचीला कापलेल्या गवतापुरताच, आणि आपल्याकडे अंतर 6 इंच. 6 इंचांत बॉल सरकतो, पाय तिथेच. मजा बघा, विलायतेत ह्याला विंटर रूल्स म्हणतात. आपला हिवाळा म्हणजे कोर्सचे सुगीचे दिवस, आपल्याला हे लागतं जून ते सप्टेंबर. बर्फाचं कलम मात्र कार्डावरून काढलं. गुलमर्गवाल्यांनी आपलं छापावं.

प्लग झालेल्या (जमिनीत रुतलेल्या) बॉलबद्दल थोडक्यात. 2019 पासून रफमध्येही फुकट रिलीफ आहे, ही ओळ सगळ्यांना पाठ झाली. त्रास टॉवेलचा आहे. बॉल खरंच स्वतःच्या खड्ड्यात रुतलाय का हे बघायला 16.4 खाली खूण करून उचलता येतो, पण रिलीफ नाही असं ठरलं तर तो न पुसता परत ठेवायचा. कॅडीच्या हातात बॉल आला की टॉवेल आपोआप फिरतो आणि पेनल्टी खेळाडूला. म्हणून कार्डावर लाल अक्षरात: 'आधी बघा, मग पुसा.'

कागदाबद्दल: लॅमिनेशनच्या वाटेला जाऊ नका. कोपऱ्यातून पाणी शिरतं आणि पहिल्याच आठवड्यात अक्षरं धुक्यात जातात. न फाटणारा प्लॅस्टिक कागद घ्या, लेझर प्रिंट. महाग पडतो, पण दिवाळीपर्यंत टिकतो.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. 7 नंबरची पायाची परीक्षा हवीच कशाला? कमिटीने तो पट्टाच सप्टेंबरअखेरपर्यंत ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्तीखालची जमीन) जाहीर केला, तर पाणी दिसतंय का हा प्रश्नच उरत नाही. हद्दीच्या आत बॉल किंवा पाय आला, रिलीफ घ्या. वर झाडामागच्या भानगडीसाठी पलीकडे एक ड्रॉपिंग झोन (बॉल ड्रॉप करायची आखलेली जागा). फक्कीची रेघ पहिल्या सरीत वाहून जाईल, तेव्हा निळ्या खुंट्या. गवत कापणाऱ्या मशीनवाल्यांना त्या रोज उपटाव्या लागतील, म्हणून आधी त्यांच्याशी बोलतो, मग कमिटीला अर्ज. तोवर नव्या कार्डाची छपाई थांबवली आहे. खोलगट भाग असाच आखून घेतलेला कोर्स तुमच्याकडे असेल तर खुंट्यांमधलं अंतर किती ठेवलंय तेवढं कळवा.